वावरातलं घर, बाबांची दुनळी आणि मेलेला वाघ्या

कापूसकोंड्या | ८ जानेवारी, रात्री ११:४०

लांबण लागणार आहे, आधीच माफी मागतो.

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात, पण गावठाणात नाही, वावरात. गावापासून दीड किलोमीटर, मध्ये नाला. नाल्याला पूर आला की गाव तिकडे आणि आम्ही इकडे. बाबा होते तोवर याचं कधी काही वाटलं नाही. बाबा दिवाळीच्या आधी गेले. आता घरात आई एकटी, वय ६३, गुडघे गेलेले. सालदार आणि त्याची बायको गुरांच्या कोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहतात. मी नागपुरात नोकरीला, शनिवारी जातो, सोमवारी पहाटेच्या एसटीने परत येतो.

मागच्या बुधवारी रात्री कोणीतरी आलं. पुढच्या खोलीत कापूस भरलेला आहे, साधारण १८ क्विंटल, भाव चढेल म्हणून आईने ठेवलाय. त्या खोलीच्या खिडकीचे दोन गज वाकवले. आत शिरता आलं नाही म्हणून कोठ्यातली शेळी, तिची दोन पिल्लं आणि मोटरपंपाची केबल घेऊन गेले. सकाळी आमचा कुत्रा वाघ्या धुऱ्यावर (बांधावर) सापडला. तोंडाला फेस, पाय ताठ, शेजारी कोंबडीच्या आतड्यांचा अर्धा खाल्लेला गोळा. नऊ वर्षांचा होता. आई म्हणते, दोनदा भुंकला आणि गप्प झाला. तिला वाटलं रोही (नीलगाई) आले असतील, ती कूस बदलून झोपली.

ठाण्यात तक्रार दिली आहे. आता प्रश्न असा की बाबांची बारा बोअरची दुनळी बंदूक घरात आहे. आजोबांच्या वेळची, लायसन बाबांच्या नावाचं. सध्या आईच्या ट्रंकेत, लुगड्यांखाली. मामा म्हणतो लायसन तुझ्या नावावर करून घे. बहीण म्हणते बंदूक नकोच, जर्मन शेफर्ड नाहीतर रॉटवायलर आणा, दोन आणा. तुमच्या गावाकडे लोक काय करतात? अनुभव हवेत. सल्लेही चालतील.

वऱ्हाडी_बंडी | ९ जानेवारी, सकाळी ६:१५

वाघ्याचं आयकून लय वाईट वाटलं भाऊ.

आता रागावू नका, पण मले एक सांगा. १८ क्विंटल कापूस पुढच्या खोलीत ठेवून तुम्ही कुत्रं कोणतं आणू म्हणून विचारून राह्यले? लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामाले क्विंटलमागं ८,११० हाय. करा हिशोब. दीड लाखाच्या जवळ माल खिडकीले लावून ठेवला अन् गावाले दिसून राह्यला. चोर बाहेरचा नसते बाप्पा. तुमच्या घरी कापूस कोणत्या खोलीत हाय, कुत्रं किती वाजता जेवते, पोरगा कोणत्या दिवशी येते, हे त्याले तुमच्यापेक्षा चांगलं माईत असते.

कापूस इका. मंग बंदूक-कुत्रं पाहू.

वकीलीणबाई | ९ जानेवारी, सकाळी १०:०५

बाकी चर्चा नंतर. आधी ट्रंक उघडा आणि ती बंदूक काडतुसांसकट आजच्या आज ठाण्यात नाहीतर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. परवाना माणसाच्या नावे असतो, घराच्या नावे नाही. बाबा गेले त्या दिवसापासून ती बंदूक घरात ठेवायला कोणालाच परवानगी उरलेली नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ हेच सांगतं. विनापरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा दोन वर्षं आहे. तुमच्या बाबतीत इतकं टोक कोणी गाठणार नाही हे मलाही कळतं, पण चोरांनी ट्रंकेपर्यंत पोचून ती नेली असती तर? शेळीची तक्रार देताना दुनळीची कशी दिली असती?

स्वतः घेऊन जा, मृत्यूचा दाखला आणि बाबांचा मूळ परवाना सोबत ठेवा, जमा पावती घ्या. पावतीवर बंदुकीचा नंबर नीट लिहिलाय का ते तिथेच वाचा.

वारस म्हणून परवाना मागता येतो. शस्त्र नियम २०१६ मध्ये तशी सोय आहे. मेडिकल सर्टिफिकेट, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण, बंदूक कुलपात ठेवण्याचं हमीपत्र आणि पोलीस चौकशी हे सगळं लागतं. पण एक गोष्ट मामांनी सांगितलेली दिसत नाही. परवाना तुमच्या नावे झाला आणि तुम्ही नागपुरात असाल, तर ती बंदूक आईंना वापरता येणार नाही. तुमच्या गैरहजेरीत त्यांनी ती हातात घेणंही अडचणीचंच.

म्हणजे सोमवार ते शुक्रवार घरात बंदूक असेल आणि ती चालवायचा अधिकार असलेला माणूस सिताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये असेल.

शूर_शिवार | ९ जानेवारी, दुपारी १:३०

वकिलांचं ऐकत बसलात तर चोर आईचं मंगळसूत्र पण नेतील. एकदा हवेत बार काढला की पंचक्रोशीत कोणी फिरकत नाही. आमच्या आज्याने असाच वचक ठेवला होता. कागदपत्रांची कटकट नको असेल तर

[संपादक: विनापरवाना शस्त्र कुठून मिळतं हे सांगणारा भाग काढला आहे. पुन्हा लिहिल्यास आयडी बंद होईल.]

वकीलीणबाई | ९ जानेवारी, दुपारी २:१०

शूर_शिवार, वचक ठेवायला हवेत बार काढणं तुमच्या आज्यांच्या काळात खपलं असेल. आता निष्काळजीपणाने किंवा लग्नाच्या वरातीत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि चोरावर झाडायचीच म्हणत असाल तर, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी संरक्षणाची आहेत. रात्री घर फोडून कोणी आत शिरत असेल तर हा अधिकार फार पुढपर्यंत जातो, कलम ४१ बघा. पण कलम ३७ म्हणतं, गरजेपेक्षा जास्त इजा नको. शेळी खांद्यावर टाकून धुऱ्यावरून पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे घातले तर तो बचाव होत नाही. पुढची दहा वर्षं तारखांना चोर नाही, तुम्ही जाल. अशी एक तारीख मी स्वतः चालवते आहे, जास्त लिहीत नाही.

सातपुडी | ९ जानेवारी, रात्री ९:५०

आमच्याकडे (धारणी भाग) आजोबांची एकनळी होती. तिचा अनुभव सांगतो. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, सगळं धरा. उरलेल्या दिवसांत नूतनीकरणाच्या चकरा. काडतुसं पाहिली तर पितळेवर हिरवट बुरशी चढलेली, एक उडेल की नाही शंका. सरावाला जागा नाही. आजोबांनी ३० वर्षांत एकदाही माणसावर रोखली नाही. दसऱ्याला शस्त्रपूजेत झेंडूचं फूल मात्र दरवर्षी चढायचं.

आणि हो, लोकांना कुलूपबंद बंदूक म्हणजे काय ते कळत नाही. काडतुसं एका कुलपात, बंदूक दुसऱ्या कुलपात, किल्ल्या तिसरीकडे. नातवंडं घरात असतील तर असंच ठेवावं लागतं. मग रात्री दोन वाजता लाईट गेलेली असताना, चष्मा शोधून, दोन कुलपं उघडून, दुनळी मोडून (म्हणजे बिजागरीवर उघडून), काडतुसं भरून तुम्ही बाहेर येणार. तोवर चोर चहा पिऊन गेला असेल.

टेक्सासकर | १० जानेवारी, पहाटे ४:२०

इथे अमेरिकेत हा वाद रोजचाच. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत बंदूक असेल आणि निम्म्या घरांत कुत्रा, बऱ्याच घरांत दोन्ही. १९९३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये केलरमन यांचा एक अभ्यास आला होता. घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट दिसला, आणि तो मुख्यतः घरच्याच किंवा ओळखीच्या माणसाकडून. त्यावर टीकाही भरपूर झाली, अजून होते.

माझा शेजारी, पक्का बंदूकवाला, एकदा म्हणाला की कुत्रा मला जागं करायला आणि बंदूक मी जागा झाल्यावर. यातली दुसरी अर्धी गोष्ट तुमच्या आईंना लागू नाही असं वाटतं. पहिली मात्र आहे.

डॉ_कोठा | १० जानेवारी, सकाळी ८:००

पशुवैद्यक आहे, १९ वर्षं विदर्भातच. कुत्र्यांबद्दल तरी मला बोलू द्या.

वाघ्याला बहुतेक कीटकनाशक दिलंय. फेस, ताठ पाय ही तीच लक्षणं. आपल्याकडे फवारणीचा डबा प्रत्येक घरात, चोराला वेगळं काही आणावं लागत नाही. यातली बरीचशी औषधं अशी आहेत की कुत्रं वेळेत दवाखान्यात आलं तर ॲट्रोपिनने वाचू शकतं. पण रात्री दोनला धुऱ्यावर कोण बघणार. शवविच्छेदन करून घ्यायला हवं होतं, तक्रारीला जोर आला असता. पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा. (पुढची वेळ येऊ नये.)

बहिणीला सांगा, रॉटवायलर नको. मे महिन्यात यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यात पारा ४५ च्या घरात जातो. रॉटवायलर, शेफर्ड यांना त्या उन्हात पत्र्याच्या कोठ्यात ठेवलं तर उष्माघाताने माझ्याकडेच आणाल. शिवाय इतकं मोठं कुत्रं ६३ वर्षांच्या बाईने साखळीला धरायचं? सालदाराच्या पोराला चावलं तर निष्काळजीपणाचा गुन्हा मालकावर, भारतीय न्याय संहिता कलम २९१. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदीचं पत्र काढलं होतं, ते न्यायालयात टिकलं नाही, म्हणून कायद्याने आज अडचण नाही. अडचण उन्हाची आणि गुडघ्यांची आहे.

कारवानी कुत्रे लातूर-सोलापूरकडून आणतात लोक. दिसायला राजबिंडं, पळायला वारा. पण ते नजरेने शिकार करणारं कुत्रं, कातडी पातळ, तारेच्या कुंपणात फाटतं. राखणीसाठी मी तरी सुचवणार नाही.

गावठी घ्या. दोन घ्या, एक घेऊ नका. एक नर, एक मादी, दोन वेगवेगळ्या विताची. मादी जास्त सावध असते आणि हद्द सोडून फार भटकत नाही. कुत्र्याचं काम चावणं नाही, उठवणं आहे. तुमच्या वाघ्याने ते काम केलं होतं, हे वाचून मला जास्त त्रास झाला.

कापूसकोंड्या | १० जानेवारी, सकाळी ९:१२

डॉक्टर, शेवटचं वाक्य वाचून ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो जरा वेळ.

दुसऱ्याच्या हातचं न खाणारं कुत्रं तयार करता येतं का? गावात म्हणतात की परक्या माणसाच्या हातून मिरची भरलेली भाकर द्यायची, मग ते शिकतं.

डॉ_कोठा | १० जानेवारी, दुपारी ३:४०

मिरचीने कुत्रं एवढंच शिकतं की त्या माणसाच्या हातची भाकर तिखट असते. कोंबडीची आतडी तिखट नसतात.

करता येण्यासारखं हे: पिल्लू असल्यापासून रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, एकाच भांड्यात जेवण. जमिनीवर पडलेलं काही खाल्लं की तिथल्या तिथे "नाही". पाहुण्यांनी बिस्किट टाकायचं नाही, सक्त. आणि रात्रीचं जेवण भरपेट. उपाशी कुत्रं राखण करतं हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. उपाशी कुत्रं फेकलेलं खातं, बस. तरी शंभर टक्के हमी कोणी देणार नाही. म्हणूनच दोन. सहसा दोन्ही एकाच वेळी एकाच गोळ्यावर जात नाहीत.

लसी: दीड ते दोन महिन्यांचं असताना डिस्टेंपर-पार्व्होची, तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, मग दरवर्षी. जंताचं औषध विसरू नका. गावठीला काही होत नाही असं म्हणणाऱ्यांची पिल्लं पार्व्होने गेलेली मी दर पावसाळ्यात बघतो.

जागल्या | १० जानेवारी, रात्री १०:३०

मी चंद्रपूर जिल्ह्यातला, ताडोबाच्या बफरला लागून गाव. आमच्याकडे चोराआधी बिबट येतो, म्हणून थोडं वेगळं लिहितो.

बिबट्यासाठी कुत्रं म्हणजे अंगणात ठेवलेलं ताट. आमचे पाच वर्षांत चार गेले. एक तर साखळीसकट, सकाळी नुसता खुंटा आणि घासटण्याची रेघ. यवतमाळमध्येही टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला असाल तर हा विचार करावाच लागतो. २०१८ चं अवनी प्रकरण, माणसं मारते म्हणून जिला गोळी घातली, ते त्याच पांढरकवडा पट्ट्यातलं, ती तर वाघीण होती.

म्हणून रात्री कुत्रं साखळीला बांधू नका. बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही. मोकळं सोडलं तर वेशीपर्यंत फिरतं आणि धुऱ्यावरचा गोळा खातं. आम्ही मधला रस्ता काढला. ओसरीच्या एका बाजूला वेल्डिंगच्या जाळीची खोली केली, वरूनही जाळी. कुत्री रात्री त्यात. वास येतो, आवाज येतो, भुंकतात जीव तोडून, पण बाहेरचं तोंड आत येत नाही. बिबट्याचंही नाही आणि चोराच्या गोळ्याचंही नाही, कारण जाळी अंगणाच्या आतल्या बाजूला आहे. दिवसा मोकळी.

आमच्या बाजूला जुन्या माणसांकडे भरमार (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक) असायची, रानडुकरांसाठी. आता फारशा उरल्या नाहीत. खरं सांगायचं तर वाघ-बिबट्याचा प्रश्न बंदुकीने सुटत नाही. जीव वाचवायला झालेली गोष्ट वन्यजीव कायदा गुन्हा धरत नाही, पण अंधारात जखमी केलेला बिबट म्हणजे सगळ्या गावाच्या मानेवर संकट.

आणखी एक, गिनी कोंबड्या ठेवा चार. साप दिसला, मांजर दिसलं, माणूस दिसला तरी कलकलाट. आमच्या घरी पाहुणे एक रात्र राहिले की दुसरी राहत नाहीत.

वऱ्हाडी_बंडी | ११ जानेवारी, सकाळी ६:४०

जागल्या भाऊ, जाळीचं बेस सांगतलं. फोटो टाका.

माह्या डोक्यात रात्री एक इचार आला. समजा बंदूक हाय, लायसन हाय, माणूस बी हाय. चोर कुठं हाय? कापसाच्या खोलीत. तिथं बार काढणार का? जळता कागद नाहीतर ठिणगी कापसात गेली का घर, माल, चोर, मालक सब एकात. आमच्या गावात एका बिडीनं २२ क्विंटल गेला होता, बंदूक दूर राह्यली.

वकीलीणबाई | ११ जानेवारी, सकाळी ११:२०

कापूसकोंड्या, तीन दिवस झाले. इथे मामांचं मत आहे, बहिणीचं आहे, टेक्सासच्या शेजाऱ्याचंसुद्धा आहे. आईंना कोणी विचारलं का? तुम्ही त्यांचं वय लिहिलंत आणि गुडघे लिहिलेत. मृताचा वारस मुलगाच असतो असं नियमात कुठेही नाही. परवाना त्याही मागू शकतात.

कापूसकोंड्या | १२ जानेवारी, रात्री १०:१५

आज रजा टाकून गावी होतो. सविस्तर लिहितो.

सकाळी आईला विचारलं, आई, बंदुकीचं काय करायचं? ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला भरता येते. तुला येते का?"

मला येत नाही. दुनळी मोडायची कळ कुठली, ते पण मला नीट माहीत नव्हतं. तिने चष्मा लावला, ट्रंकेतून काढली, कळ सरकवून एका हाताने मोडली, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का ते उजेडाकडे धरून बघितलं आणि माझ्याकडे दिली. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्या वर्षी आजोबांनी तिला विहिरीजवळ फुटकं मडकं ठेवून शिकवली होती म्हणे. बाबांना माहीत होतं, आम्हाला कधी कोणी सांगितलं नाही. पहिल्या बाराला खांदा आठ दिवस निळा होता.

मग मी म्हटलं, तुझ्या नावाने अर्ज करू? वकीलीणबाईंनी सांगितलंय होतो म्हणून. तर म्हणाली, "रात्री चष्म्याशिवाय मला सालदार आणि चोर सारखेच दिसतात. तो बिचारा दोन वाजता लाईट आली की मोटर चालू करायला उठतो."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आमच्या फिडरला आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच लाईट असते. रात्री दोनला अंगणात दिसणारा माणूस बहुतेक वेळा सालदारच असतो.

दुपारी दोघं ठाण्यात गेलो. हवालदारांनी नंबर उतरवून घेतला, सात काडतुसं मोजली, पावती दिली. कातडी पट्टा आणि खोळ परत केली, म्हणाले हे शस्त्रात येत नाही. आई परत येताना एसटीत काही बोलली नाही. खोळ मांडीवर घडी घालून बसली होती. पुढे विक्रेत्याला द्यायची की काय, ते तिलाच ठरवू देणार आहे. मामाचा दोनदा फोन येऊन गेला, उचलला नाही.

सातपुडी | १२ जानेवारी, रात्री ११:०२

काकूंना नमस्कार सांगा. सालदाराबद्दलचं त्यांचं वाक्य मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतोय, नाव न घेता.

शूर_शिवार | १३ जानेवारी, सकाळी ९:००

मडक्यावर बार काढणाऱ्या बाईची बंदूक ठाण्यात जमा केली. काय बोलावं. असो, काकूंना माझाही नमस्कार.

कापूसकोंड्या | १५ फेब्रुवारी, रात्री ८:३०

उशिराने अपडेट.

कापूस विकला. भाव काही फार चढला नव्हता, वऱ्हाडी_बंडी, तुमचंच खरं. खोली रिकामी झाल्यावर खिडकीला आडवा लोखंडी पट्टा वेल्ड करून घेतला. कोठ्यावर हालचाल झाली की पेटणारा सोलर दिवा लावलाय. आईच्या पलंगाजवळून सालदाराच्या खोलीत बेलची वायर ओढली, बॅटरीवरची, लाईट गेली तरी वाजते. पोलीस पाटलांनी चार घरांचे नंबर एका कागदावर लिहून दिले, ११२ सगळ्यात वर, आईने तो देवघराशेजारी चिकटवलाय.

पिल्लं दोन आणली. चंपी गावातलीच, वाघ्याच्या बहिणीच्या विताची. मोत्या शेजारच्या गावातून. जागल्याने फोटो टाकला होता तशी जाळी ओसरीवर केली, ९ बाय ६. गिनी कोंबड्या आईने साफ नाकारल्या.

परवा रात्री सव्वादोनला आईचा फोन. माझ्या हातातून मोबाईल पडायचा राहिला. म्हणाली, "काही नाही. दोघं भुंकत होती म्हणून दिवा लावून पाहिलं. नाल्यापलीकडे रोही आहेत चार. झोप तू." मी विचारलं, मग फोन कशाला केलास? तर म्हणाली, वाघ्या भुंकला तेव्हा मी उठले नव्हते ना.

बंदुकीच्या पट्ट्यातून चंपीसाठी गळपट्टा करायचा होता. मोचीकडे न्यायच्या आधीच मोत्याने तो कुरतडून टाकला.

डॉ_कोठा | १५ फेब्रुवारी, रात्री ९:१०

कातडं पोटात गेलं का ते बघा. दोन दिवस शी नीट होतेय ना? उलट्या झाल्या तर लगेच दाखवा. आणि पार्व्होचा बूस्टर कधी आहे?

कापूसकोंड्या | १५ फेब्रुवारी, रात्री ९:२५

शी करतोय व्यवस्थित, आईला विचारून सांगितलं. बूस्टर २३ फेब्रुवारीला. सोमवार आहे, रजा टाकलीय.